ब्रदर तिमोथींची साक्ष

“फादर आले का?” आतून लाजरसचा आवाज आला. आवाज कसला, नुसती घरघर.

दारात त्याची बायको मार्थाबाई उभी होती. तिने ब्रदर तिमोथींच्या पांढऱ्या झग्याकडे पाहिलं, सायकल धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाली, “आले, आले. पडून ऱ्हावा.”

“मी फादर नाही, बाई,” ब्रदर हळूच म्हणाले. “आपल्याला ठाऊक आहे.”

“मला ठावं हाय. त्यास्नी आता कुठं दिसतंय?”

खडकमाळात ही चूक रोजची होती. पांढरा झगा दिसला की तो फादर, मग तो चर्चमधला असो की शाळेतला. आम्ही शाळेतले शिक्षक पोरांना घसा फोडून सांगायचो, की बाबांनो, ब्रदर म्हणजे व्रत घेतलेले, लग्न न केलेले, स्वतःच्या मालकीचं काही न ठेवणारे. पण मिस्सा म्हणायचा, म्हणजे चर्चमधली उपासना चालवायचा, आणि पापांची माफी द्यायचा अधिकार त्यांना नाही, तो फक्त फादरांना. पोरं परीक्षेत बरोबर लिहायची आणि वर्गाबाहेर पडली की ब्रदरांनाच “फादर, सुट्टी कधी?” म्हणून विचारायची. एरवी त्या चुकीने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या आठवड्यात मात्र आसपासच्या सगळ्या गावांचे फादर वर्षाच्या मौनसाधनेला पुण्याला गेले होते. दरवर्षी जात. त्या दिवसांत कुणी मरू नये अशी गावाची साधारण समजूत होती. लाजरसने ती पाळली नाही. मार्थाबाईने शाळेत निरोप धाडला, तो औषधासाठी. मुख्याध्यापक ब्रदर तिमोथी दवाखान्याची पेटी घेऊन निघाले, आणि त्या घराचा उंबरा गावात कुणीच चढत नसल्यामुळे सोबतीला मी गेलो.

उंबरा का चढत नव्हते, तेही सांगतो. शाळेच्या मागे विहिरीसकट चार एकरांचा मळा आहे. बोर्डिंगची पोरं त्याच मळ्यातली ज्वारी आणि भाजी खाऊन मोठी झाली. मीही त्यातलाच एक. तो मळा आपला आहे असा दावा शेजारच्या इनामदारांनी लावला होता. सरकारी मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा निराळी आली, त्यामुळे सगळा भार साक्षीदारांवर येऊन पडला. इनामदारांचा साक्षीदार कोण, तर आमचाच लाजरस! ज्याने तरुणपणी शाळेच्या पहिल्या भिंतींना दगड वाहिले, ज्याला शाळा काढणाऱ्या ब्रदर आन्सेल्मनी पोटच्या पोरासारखं वागवलं, तो सत्तरीचा म्हातारा कोर्टात उभा राहून म्हणाला, की हद्दीचे दगड पूर्वी इथे नव्हते, ते शाळेच्या भिंतीला लागून होते. मळा इनामदारांचा. कुणी हलवले म्हणून विचारलं तर म्हणाला, आठवत नाही. त्या दिवसापासून पोरं त्याला येशूला दगा देणारा यहूदा म्हणू लागली, आणि मोठ्यांनी पोरांना कधी अडवलं नाही. मी तरी नाही.

आम्ही आत गेलो. लाजरसने हात पुढे केला आणि ब्रदरांचा झगा चाचपला.

“फादर, आशीर्वाद द्या. मी पाप केलंय.”

“लाजरस, मी ब्रदर तिमोथी. शाळेतला. फादर पुण्याला आहेत.”

“व्हय फादर. लई वर्सं झाली कबुली देऊन.”

“मी फादर नाही, लाजरस.”

“व्हय, फादर,” तो म्हणाला आणि त्याच्या कोरड्या डोळ्यांतून पाणी आलं.

ब्रदर कितीतरी वेळ नुसते उभे होते. मंगळूरकडचे, उंच, वाळकुडे गृहस्थ. मराठी पुस्तकं वाचून शिकलेले, त्यामुळे बोर्डिंगच्या आचाऱ्यालाही आपण म्हणायचे. कधी घाई म्हणून नाही. शेवटी त्यांनी तिथला पाट ओढला, खाटेजवळ बसले आणि मला म्हणाले, “सर, आपण बाहेर थांबा.”

मी अंगणात गेलो. मार्थाबाई मागच्या दाराने परसात गेली. ब्रदर बाहेर आले तेव्हा औषधाची पेटी आतच विसरले होते. मी ती घेऊन आलो. वाटेत मी दोनदा विषय काढून पाहिला. त्यांनी एकदा बोर्डिंगच्या कौलांचं विचारलं आणि एकदा सहामाहीच्या पेपरांचं. दिवस मावळायच्या आत लाजरस गेला.

माझा हिशेब सरळ होता. कोर्टात खोटं बोललेला माणूस मरताना फादरांना बोलावतो, तो दुसरं काय कबूल करणार? मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन शाळेचे वकील नगरकर यांच्या कानावर हे घातलं. नगरकर खुर्चीतून अर्धे उठले.

“सर, आपण खटला जिंकलो!” ते म्हणाले. “मेलेल्या माणसाचं स्वतःच्याच अंगावर येणारं बोलणं कोर्ट ऐकून घेतं. ब्रदरांना फक्त पिंजऱ्यात उभं करायचं.”

ते स्वतः खडकमाळला आले. ब्रदरांनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तो काय बोलला ते मी सांगणार नाही.”

“पापाची कबुली बाहेर सांगायची नाही हे बंधन फादरांना. मी विचारून आलोय. आपण फादर नाही.”

“नाही.”

“मग आपल्याला बंधन कुठलं?”

“त्याला वाटत होतं की मी फादर आहे.”

“अहो, पण ते चुकीचं वाटत होतं!”

“चूक त्याची होती, वकीलसाहेब. पण त्याने जे सांगितलं ते त्या चुकीच्या भरवशावर सांगितलं. मी त्याला सांगून पाहिलं. ते कळण्याच्या पलीकडे तो गेला होता. तेव्हा मी उठून बाहेर यायला हवं होतं. मी बसलो. बसलो तिथेच बांधला गेलो.”

मला राहवेना म्हणून मी मध्ये पडलो. “ब्रदर, मळा गेला तर बोर्डिंग चालणार कशावर? पोरांना घरी पाठवायचं? अर्ध्या पोरांच्या घरी चूल एकदाच पेटते.”

“मला ते दिसतं, सर,” ते म्हणाले. “आपल्याइतकंच दिसतं.”

नगरकरांनी तरीही त्यांच्या नावाने समन्स काढलं. शपथ घातल्यावर हा माणूस खोटं बोलणार नाही, आणि खोटं बोलायचं नाही म्हटलं की खरं बोलावंच लागतं, असं त्यांचं गणित होतं. त्या दिवशी निम्मं खडकमाळ कोर्टाच्या आवारात होतं. ब्रदर पिंजऱ्यात उभे राहिले. झगा स्वच्छ धुतलेला, बगलेत ठिगळ.

“लाजरस पगारे वारले त्या दिवशी आपण त्यांच्याजवळ होतात?” नगरकरांनी विचारलं.

“होतो.”

“ते या जमिनीविषयी काही बोलले?”

“मला सांगता येत नाही.”

“येत नाही की सांगायचं नाही?”

“सांगायचं नाही.”

इनामदारांचे वकील मजेत पाय हलवत बसले होते. न्यायाधीश वयस्कर, सौम्य गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला. “आपण धर्मगुरू आहात का?”

“नाही, महाराज.”

“मग कायद्याने आपल्याला गप्प राहण्याची सवलत नाही. उत्तर द्या.”

“आपण शिक्षा द्यावी. ती मी भोगीन.”

न्यायाधीशांनी शिक्षा दिली नाही, पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या काही मोडल्या नाहीत. नगरकर पिंजऱ्याच्या अगदी जवळ गेले. आता त्यांचा आवाज वकिलाचा राहिला नव्हता.

“ब्रदर, शब्द नका सांगू. एवढंच सांगा. तो जे बोलला ते शाळेच्या बाजूचं होतं की नाही? हो म्हणा, पुरे.”

ब्रदर माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. म्हणा, हो म्हणा, एवढंच माझ्या मनात.

“तेही सांगता येणार नाही,” ते म्हणाले.

आम्ही हरलो. लाजरसच्या साक्षीला कुणी छेद दिला नाही, असं निकालात होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर एका बोर्डिंगच्या पोराच्या बापाने ब्रदरांना अडवलं आणि सगळ्यांसमक्ष म्हणाला, “यहूदा योक व्हता असं वाटलं व्हतं. दोन निगाले.” ब्रदरांनी त्याला नमस्कार केला. त्यानंतर गावाने त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही, पण त्या बोलण्यातली माया काढून घेतली. मीही कामापुरतं बोलायचो. मला त्यांचा राग आला होता आणि तो योग्य आहे याबद्दल मला शंका नव्हती. एका मेलेल्या माणसाच्या गैरसमजासाठी जिवंत पोरांच्या ताटातली भाकरी काढून घेणं हा कुठला धर्म, असं मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणत असे, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

बंगळूरहून त्यांच्या वरिष्ठांचा निरोप आला, की नगरला जिल्हा कोर्टात अपील करा. नगरकर पुन्हा कंबर कसून उभे राहिले. लाजरसची साक्ष एकट्याची आहे, तिला कागदाचा आधार नाही, आणि शाळेची वहिवाट आजोबांच्या काळापासूनची. अपिलात जिंकू, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी कागद तयार करून आणले. मुख्याध्यापकाच्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो.

“इथे प्रतिज्ञेवर सही करायची,” नगरकर म्हणाले. “सदर जमीन प्रथमपासून शाळेच्या मालकीची आहे, एवढाच मजकूर. यात लाजरसचं नावसुद्धा नाही. तुमच्या बंधनाला कुठे धक्का लागत नाही.”

ब्रदरांनी कागद वाचला. पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं सुद्धा. मग टोपण परत लावलं.

“मला यावर सही करता येणार नाही.”

“आता काय झालं?” नगरकरांचा पारा चढला. “कोर्टात बोलायचं नाही, समजलं. इथे कुणी काही विचारतंय का तुम्हाला?”

“नाही.”

“मग अपील करायचंच नाही?”

“ते संस्थेने ठरवायचं. सही करणारा दुसरा कुणीतरी लागेल.”

“मुख्याध्यापकाचीच सही लागते, ब्रदर!”

“हो,” ते म्हणाले. “ते मला ठाऊक आहे.”

नगरकर कागद गोळा करून तरातरा निघून गेले. मी दारापर्यंत जाऊन परत वळलो आणि म्हणालो, “ब्रदर, शाळा तुम्ही वीस वर्षं पोसली. आता असं का वागताय? एकदा मला तरी सांगा.” ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते. मधली सुट्टी होती, पोरांनी नुसता गिल्ला चालवला होता. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. तेव्हा मला वाटलं, अपराधी वाटत असेल.

पंधरवड्यात त्यांची बदली झाली. ब्रदरांची बदली कुणाला नवी नसते. वरून निरोप आला की एक ट्रंक भरायची आणि निघायचं, निरोप समारंभ वगैरे त्यांच्यात बसत नाही. गावाने सुटकेचा श्वास सोडला. पण ऑफिसचं टपाल मी बघत असे, त्यामुळे मला एक माहीत होतं, की ही बदली वरून आलेली नव्हती. ती त्यांनी मागून घेतली होती. मी ते कुणाला सांगितलं नाही. संकटात पळून गेला माणूस, असं समजून मी गप्प बसलो.

नवे मुख्याध्यापक ब्रदर आले. त्यांनी बिनघोर सही केली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. नगरला आम्ही जिंकलो. गावाने मिरवणूक काढली, बोर्डिंगच्या पोरांना गोड शिरा मिळाला. इनामदारांनी पुढे कोर्ट केलं नाही; त्यांची मुलं पुण्याला गेली, वाडा विकला, नावही मागे राहिलं नाही. मळा शाळेकडेच आहे. त्याच्या अर्ध्या भागावर आता ब्रदर आन्सेल्म सभागृह उभं आहे.

ब्रदर तिमोथींना मी एकदाच भेटलो, मंगळूरला. नवशिक्या ब्रदरांच्या आश्रमात ते बागेचं काम बघायचे. पुन्हा कुठल्या शाळेवर त्यांना नेमलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. त्यांनी मला पपईची झाडं दाखवली, खडकमाळच्या एकेका पोराचं नाव घेऊन विचारलं. खटल्याचं अक्षर नाही. दोन वर्षांनी गेल्याचं कळलं.

हळूहळू ब्रदर होणारी मुलंच आटली. शेवटी शाळेवर झगा नसलेला मुख्याध्यापक नेमायची वेळ आली आणि ती खुर्ची माझ्याकडे आली. शाळेचा इतिहास लिहायचं ठरलं तेव्हा तेही काम मीच घेतलं. पहिल्या बांधकामाची माहिती सांगणारं जुनं माणूस गावात एकच उरलं होतं. मी मार्थाबाईकडे गेलो. नव्वदीची झाली होती, पण बोलणं खणखणीत.

पायाचे दगड कुठून आणले, चुना कसा मळला, सगळं तिने सांगितलं. मग म्हणाली, “मळ्याचं बी लिवनार का?”

“लिहावंच लागेल. खटला मोठा झाला.”

“मंग खरं लिवा. मी आता कितीक दिस ऱ्हानार?”

आणि तिने सांगितलं. दुष्काळाचं साल होतं. बोर्डिंगची पोरं पाला उकडून खात होती. शेजारी इनामदारांचं रान पडीक, विहिरीला पाणी. “ब्रदर आन्सेल्म ह्यांस्नी म्हनले, लाजरस, चार दगड उचल. पाटच्या पारी दोघांनी मिळून उचलले. योक तर ब्रदरांनी सोता खांद्यावर घेतला. इनामदार तवा मुंबईला. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई.”

मी लिहायचा थांबलो.

“म्हणजे लाजरस कोर्टात खरं बोलला?”

“अर्धं. दगड हलले हे बोलले. कुनी हलवले हे गिळलं. ब्रदर आन्सेल्मचं नाव कसं घेनार, मास्तर? लोक त्यांच्या मातीवर मेणबत्त्या लावत्यात. इनामदारानं ह्यांना फुटकी कवडी दिली न्हाई. मरायच्या आदी खरं बोलावं वाटलं, तेवढंच. आन उरलेलं अर्धं त्या झगेवाल्याला सांगितलं.”

“तुम्हाला कसं कळलं काय सांगितलं ते?”

“भित कुडाची. मी परसातच व्हते.”

म्हणजे त्या दिवशी कोर्टात ब्रदरांनी तोंड उघडलं असतं, तर शाळा तिथेच कायमची हरली असती. बोलणं आमच्या बाजूचं होतं का, या प्रश्नाला नाही एवढं म्हणाले असते तरी गावाने त्यांना मोकळं सोडलं असतं. तेवढंही ते म्हणाले नाहीत. माझ्याशीही नाही. आणि खोट्या प्रतिज्ञेवर सही करणं त्यांना जमणार नव्हतं.

“तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत,” मी म्हणालो. “नवऱ्याला यहूदा म्हणत होते लोक.”

“मला कुनी इचारलं? त्यो योक दिस सोडला तर तुमी तरी कवा उंबरा चढला?”

मी खाली बघितलं. मग ती तिचं तिलाच आठवल्यासारखी बोलू लागली.

“ह्यांनी इचारलं, फादर, माफी देता ना? तर ते म्हनले, माफी द्यायचं माझ्या हातात न्हाई, लाजरस, मी तुझ्यासंगं मागतो. आन खाटेपाशी गुडघ्यावर बसले. दोघं मिळून प्रार्थना म्हनले. मंग ह्यांनी इचारलं, रान माघारी द्याल ना? ते म्हनले, रान माझं न्हाई, मला देता येत न्हाई. पर माझ्या हातात जे हाय, ते मी सोडीन. तवा कुठं ह्यांना निवांत झोप लागली.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “काय सोडलं वो त्यांनी? मी लई दिस वाट बघितली कायतरी कळंल म्हनून. तवर त्यांची बदली झाली.”

“बदली झाली नव्हती, मार्थाबाई. त्यांनी मागून घेतली.”

“म्हंजे?”

“शाळा सोडली त्यांनी.”

तिने पदर तोंडाला लावला.

“आगं बया,” ती शेवटी म्हणाली. “त्यांच्यापाशी दुसरं व्हतंच काय?”